विकत घेणाऱ्याचा डॉक्टर

आमच्या ऑफिसातले डॉक्टर स्वतःचा चहा स्वतः करून घेत. एवढं वाचून कोणाला त्यांच्याबद्दल आदर वाटला असेल तर त्यानं तो जरा आवरून धरावा. त्यांचा चहा झाला की साखर ओट्यावर सांडलेली असे, दूध ओट्याखाली, आणि वापरलेली टी-बॅग कुठे सापडेल याचा नेम नसे. पँट्री सांभाळणारा शाजी हा त्रिशूरकडचा शांत माणूस. तो एकदा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, डॉक्टरसाब को बोलो ना, चाय मैं बनाएगा. उनका इक्वालिटी से मेरा काम डबल होता है."

मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून चहा झाल्यावर ओटाही तेच पुसायला लागले, आणि त्यांनी पुसलेला ओटा शाजीला पुन्हा पुसावा लागू लागला.

डॉक्टर वसईचे ख्रिस्ती, साठी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. ऐन ऑगस्टातसुद्धा मेट्रो स्टेशनपासून चालत येत आणि मग घामानं भिजलेला शर्ट बदलून खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत. बाविसाव्या मजल्यावरच्या काचेच्या ऑफिसात, दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्ससारख्या ठिकाणी, तो शर्ट दिवसभर असा लटकत असे. स्वतःच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या मात्र ड्रॉवरमध्ये सीलबंद. मी आठवण केली की म्हणत, "घेतो गो बाय, घेतो," आणि ड्रॉवर बंद करत. मला ते पहिल्या दिवसापासून बाय म्हणत. मी पुण्याची, मला आधी ते फार जवळिकीचं वाटलं. नंतर कळलं की ते सगळ्याच बायकांना तसं म्हणतात, तेव्हा थोडा रागही आला.

आमचं काम आरोग्यविम्याचं. हॉस्पिटलं आम्हाला विचारणार, या पेशंटचा एमआरआय करू का, त्याला ॲडमिट करू का. आणि आम्ही पेशंटचा प्लॅन बघून हो किंवा नाही म्हणणार. प्लॅन तीन. गोल्ड, सिल्व्हर आणि बेसिक. गोल्डवाल्याला तासाभरात उत्तर गेलं पाहिजे. बेसिक म्हणजे बांधकामावरचे, सफाईवाले, घरकाम करणाऱ्या बायका. त्यांचं उत्तर संध्याकाळपर्यंत गेलं तरी चाले, उद्यावर गेलं तरी कोणाचा फोन येत नसे. फायली हातावेगळ्या करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. महिन्याच्या शेवटी सगळ्यात जलद काम करणाऱ्याला सर्टिफिकेट मिळे, आणि माझ्या टेबलावर तशी तीन उभी होती. गुंतागुंतीची प्रकरणं मात्र समोरच्या टेबलावर, डॉक्टरांकडे जात. तिथे ती मुक्कामाला जात असं आम्ही म्हणायचो.

कारण डॉक्टरांनी स्क्रीनवरचा प्लॅनचा रकाना झाकून टाकला होता. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या, वरपासून खालपर्यंत. कोण गोल्ड आणि कोण बेसिक हे दिसायलाच नको. जो आधी आला त्याची फाइल आधी. आयटीवाल्यानं एकदा भल्या मनानं त्या काढून स्क्रीन पुसून दिला, तर डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास त्याची शिकवणी घेतली. एकदा कुठल्याशा बँकेतल्या मॅनेजरची सायनसची फाइल एका सुताराच्या मणक्यामागे सकाळभर पडून राहिली. मॅनेजरच्या बायकोनं थेट आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब तरातरा आले. "डॉक्टर, प्लीज, यू हॅव टू सी द कॅटेगरी."

"पाहिली ना," डॉक्टर म्हणाले. "एकाचं नाक आहे, एकाची पाठ आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं.

कागदावर समाधान झालं नाही की डॉक्टर फोन उचलत. आमच्याकडे पेशंटला फोन करायची पद्धतच नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं आणि ठरवायचं. पण यांचं सुरू व्हायचं, "नमस्ते, इन्शुरन्स से बोलता हूँ, घबराने का नहीं." इन्शुरन्समधून फोन आल्यावर माणूस आणखी काय करणार? बहुतेक वेळा पलीकडे कामगारांच्या कॅम्पचा सुपरवायझर असे. तो म्हणे, मला सांगा, मी सांगतो त्याला. "कमर आपका है क्या?" डॉक्टर विचारत. "नहीं? तो जिसका है उसको फोन दो." मग त्या माणसाशी चाळीस मिनिटं. कंबरेपासून सुरुवात होऊन गोरखपूरकडच्या त्याच्या म्हशीच्या बाळंतपणापर्यंत. फोन ठेवताना ते मला विजयी चेहऱ्यानं सांगत, "मणके नाही गो, किडनी आहे. पाणीच पीत नाही तो. साइटवर मुतारी लांब आहे." तेवढ्या वेळात मी अकरा फायली उडवलेल्या असत.

हे सगळं खरं तर त्यांच्या दुसऱ्या वेडातून आलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात. डॉक्टर बर दुबईच्या धक्क्यावर येत, अब्रात, म्हणजे लाकडी होडीत बसून खाडी ओलांडत आणि पलीकडे एका चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या अरबाशी गप्पा मारत बसत. तो इथलाच, जुन्या लोकांसारखं फर्डं हिंदी बोलणारा. त्याच्या पणजोबाला लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणून मोत्यांच्या बोटीवर विकलं होतं. विकत घेणाऱ्यानं आधी दात पाहिले, छातीवर थापा मारल्या, आणि श्वास किती वेळ कोंडून धरता येतो ते मोजलं. म्हातारा हे अगदी सहज, हसत सांगे. "पुराना बात, हबीबी. खलास." त्याच्यासाठी ते खलास होतं. त्याची नातवंडं सरकारी ऑफिसात साहेब होती. डॉक्टरांच्या मात्र ते डोक्यात बसलं ते बसलं.

"गरिबाला पहिला डॉक्टर भेटला ना बाय, तो विकत घेणाऱ्याचा," ते मला जेवणाच्या सुट्टीत सांगत. "बरं करायला नाही आलेला तो. माल बघायला आलेला. आणि आपण त्याचे वारस. मी पण. खोकला ऐकला की मला आधी आठवतं, ह्याचा खर्च कोणाकडे."

मी म्हणायची, "काहीतरीच काय डॉक्टर. कुठे ते गुलाम आणि कुठे ही माणसं. ही पगार घेतात, आपल्या पायांनी येतात, दोन वर्षांनी घरी जातात."

"फरक आहेच की," ते म्हणत. "फरक आहे म्हणून तर फोन लावता येतो."

मी एकदा जरा ठसक्यातच म्हणाले की आमच्या पुण्याकडे असलं गुलामबिलाम काही नव्हतं. ते डबा बाजूला ठेवून माझ्याकडे वळले. पेशवाईत पुण्यात बटकी विकल्या जायच्या, त्याचे कागद आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, "तुझी आई कामानं वैतागली की काय म्हणायची?" मी डब्याचं झाकण लावायला लागले. माझी आई म्हणायची, मी काय तुमची बटीक आहे का? मीही म्हणते. पाहुणे गेल्यावर, बेसिन भरलेलं दिसलं की.

स्वतःलाही ते सोडत नव्हते. एकदा महिनाभराची रजा घेऊन गावी गेले आणि ती सगळी रजा पोर्तुगीज काळातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचण्यात घालवली. त्यांना स्वतःचं आडनाव एकाच पानावर दोनदा सापडलं. एकदा मालकाचं म्हणून, आणि एकदा त्याच्या घरच्या गुलामाच्या पोराचं म्हणून, कारण बाप्तिस्मा देताना पोराला मालकाचंच आडनाव दिलेलं. त्यांचे काका आपल्या घराण्याच्या उंच मुळांबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. पुतणीच्या लग्नात, भर मांडवात, डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "काका, आपण ह्यातले कुठले? फिफ्टी-फिफ्टी चान्स आहे." काका दोन वर्षं बोलले नाहीत. डॉक्टरांना त्याचं दुःख झालं असेल असं मला वाटलं होतं, पण ते खुशीत होते. दोन्हीकडचे निघालो तर फार बरं, म्हणाले, कोणावर चिडायचं तेच ठरत नाही आणि कामाला वेळ मिळतो.

मग आमच्या कंपनीनं हेल्थ इक्विटी वीक साजरा करायचं ठरवलं. लिफ्टमध्ये पोस्टर लागली. त्यावर निरनिराळ्या रंगांचे हात एकमेकांना धरून होते, आणि मनगटावर सगळ्यांच्या स्मार्टवॉच. सोमवारी योगा, मंगळवारी स्मूदी, बुधवारी डॉक्टरांचं दहा मिनिटांचं भाषण. डॉक्टरांचं नाव कोणी सुचवलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, ज्याला कोणी ऐकत नाही तो भाषण थोडक्यात आटपेल असा एचआरचा अंदाज असावा.

त्यांनी मोत्यांच्या बोटींपासून सुरुवात केली. बुडी मारणाऱ्यांचे कान कसे फुटत, आणि कान फुटलेला माणूस पुढच्या मोसमात पुन्हा पाण्यात का उतरवला जाई, कारण बहिरा झाला तरी श्वास शाबूत आहे. तिथून ते विकत घेणाऱ्याच्या डॉक्टरवर आले आणि तिथून आमच्या बेसिकच्या रकान्यावर. एचआरच्या बाई घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. शेवटी ते म्हणाले, "ओके, लास्ट क्वेश्चन. तुमच्या घरी जी बाई भांडी घासते, तिचं ब्लड प्रेशर किती?" सगळे समोरच्या कपकेककडे बघत होते. कपकेकवर हिरव्या आयसिंगनं इक्विटी लिहिलेलं होतं.

मला राग आला, आणि तो खरा राग होता. आमच्या घरी मावशी होत्या. राजापूरकडच्या, विधवा, पन्नाशीच्या. अल मनखूलमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत स्वयंपाकघरामागची लहान खोली त्यांची. चार वर्षं आमच्याकडे. आम्ही पितो तो चहा त्या पीत, दिवाळीला आम्ही त्यांना कानातलं केलं होतं, माझी लेक रिया वाढदिवसाच्या केकचा दुसरा तुकडा त्यांनाच भरवायची. घरातल्याच होत्या त्या. त्या दिवशी घरी जाऊन मी चपला काढायच्या आधी विचारलं, "मावशी, तब्येत बरी ना तुमची?"

"बरी आहे की ताई. का हो?"

"काही नाही." मी डॉक्टरांवर मात केल्यासारखी सोफ्यावर बसले. त्यांनी चहा आणून दिला.

दोन महिन्यांनी एका सकाळी रिया माझ्या खोलीत आली. "मम्मा, मावशी इज स्लीपिंग ऑन द किचन फ्लोअर. अगेन."

"अगेन म्हणजे?"

"शी डझ दॅट. शी सेज डोन्ट टेल ताई."

मावशी ओट्याखाली फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. ओठ पांढरे. मला पाहताच उठायला लागल्या आणि पुन्हा खाली गेल्या. हॉस्पिटलमध्ये नेलं तर हिमोग्लोबिन सहा. गर्भाशयात गाठी, रक्तस्राव कित्येक वर्षांचा. आधी रक्त चढवायचं आणि लगेच ऑपरेशन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून जातंय? मी म्हणाले, अलीकडेच सुरू झालं असावं. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ मावशींना विचारलं. तापात आणि ग्लानीत मावशी खरं बोलून गेल्या. सहा-सात वर्षं. दुबईला यायच्या आधीपासून. बाईंनी ते लिहून घेतलं.

पुढचं मला पाठ होतं. विमा घेताना तब्येतीचा एक फॉर्म भरायचा असतो. त्यात बारा प्रश्न. आधीपासूनचा आजार लपवला असेल तर उपचाराचे पैसे मिळत नाहीत. अशी प्रकरणं मी दिवसाला पाचदहा नामंजूर करत असे, एका क्लिकवर. आणि मावशींचा फॉर्म मी भरला होता. त्यांच्या व्हिसाची स्पॉन्सर म्हणून, माझ्या सहीनं, ऑफिसात दोन फायलींच्या मधल्या वेळात. बारा वेळा नाही, नाही, नाही. एक मिनिटही लागलं नव्हतं. प्लॅन आमच्याच कंपनीचा, आणि अर्थातच बेसिक. त्यातला सगळ्यात स्वस्त कुठला ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

नवरा म्हणाला, "गावी पाठवू या. रत्नागिरीत चाळीस हजारांत होईल. इथे पंधरा हजार दिऱ्हाम, म्हणजे साडेतीन लाख गं!" तो वाईट माणूस नाही. इथे सगळेच असं म्हणतात. डॉक्टरांचं त्यावर एक वाक्य होतं, की या शहराची सगळ्यात मोठी ओपीडी विमानतळावर आहे. पण हिमोग्लोबिन सहा असलेल्या बाईला विमानात कोण बसवणार? आणि खरं सांगायचं तर पैशांपेक्षा मला दुसरीच भीती होती. विम्याच्या कंपनीत काम करणाऱ्या बाईनं खोटा फॉर्म भरला, हे बाहेर आलं तर माझी नोकरी.

प्रकरण डॉक्टरांच्या टेबलावर गेलं. जाणारच होतं. मी हॉस्पिटलमधून ऑफिसला निघायच्या आधी मावशींच्या कानाशी वाकून सांगितलं, "कोणी विचारलं तर सहा महिने झाले म्हणा. त्या आधीचं ग्लानीत बोलले म्हणा." त्यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी फाइल उघडी ठेवूनच मला समोर बसवलं. फॉर्मवरची माझी सही त्यांनी पाहिलेली होती. त्यांनी फोन स्पीकरवर लावला आणि मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. नर्सनं फोन मावशींना दिला.

"सुलोचनाबाई, मी विम्याचा डॉक्टर. वसईचा. घाबरायचं नाय. कधीपासून त्रास आहे तुम्हाला?"

पासपोर्ट सोडला तर ते नाव मी चार वर्षांत कुठे ऐकलं नव्हतं. पलीकडे मावशींनाही क्षणभर ते आपलंच आहे हे लक्षात यायला वेळ लागला असावा.

"सहा महिने झाले असतील," त्या म्हणाल्या. आवाज अगदी क्षीण होता. "त्या आधीचं मी आपली तापात बोलले. फॉर्म ताईंनी भरलाय ना, म्हणजे बरोबरच असणार. आमच्या ताई चांगल्या आहेत हो साहेब. त्यांना काही नाही ना होणार?"

मला हायसं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. लाज नंतर वाटली, आधी हायसं वाटलं.

डॉक्टरांनी फोन ठेवला. चष्मा काढून डोळे चोळले. "खाटेवर पडलीय ती रक्ताविना," ते म्हणाले, "आणि वाचवतेय कोणाला? तुला."

मग त्यांनी मला नियम समजावून सांगितला. मला, जिच्याकडे तीन सर्टिफिकेटं होती. विमेदारानं लपवलं तर पैसे नाहीत. पण विमेदाराला विचारलंच गेलं नसेल तर त्यानं लपवलं असं म्हणता येत नाही. तेव्हा तसं लेखी पाहिजे, फॉर्म भरणाऱ्याकडून. त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी इंग्रजीत सुरुवात केली. इनॲडव्हर्टंटली, ओव्हरसाइट, रिग्रेट. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं.

"आधी मराठीत लिही. इंग्रजीत तू लगेच निर्दोष होतेस."

मी लिहिलं, अनवधानाने माहिती अपूर्ण राहिली. त्यांनी पहिला शब्द खोडला. "किती प्रश्न होते?"

"बारा."

"बारा वेळा अनवधान?"

माझा तोल गेला. मी म्हणाले, "विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं डॉक्टर! कोणीच सांगत नाही. व्हिसाच्या मेडिकलमध्ये अनफिट ठरवून परत पाठवतील म्हणून भितात सगळ्या. तुम्हाला माहीत आहे ते."

"बरोबर," ते शांतपणे म्हणाले. "नसतंच सांगितलं. का नसतं सांगितलं, ते लिही."

शाजी येऊन कॉफी ठेवून गेला. शेवटी मी लिहिलं: मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, कारण त्यांचा व्हिसा माझ्या हातात आहे. मग डॉक्टरांनी बसून त्याचं इंग्रजी करून दिलं, एकही शब्द मऊ न करता. दुपारी मंजुरी गेली. संध्याकाळी ऑपरेशन झालं.

मला वॉर्निंग लेटर मिळालं आणि मंजुऱ्यांवरून उचलून दातांच्या बिलांवर बसवलं. नोकरी राहिली. डॉक्टरांची गेली. ऑफिसातल्या माणसाच्या घरचं प्रकरण त्यांनी स्वतः हाताळायला नको होतं, असं साहेबांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंच होतं, ते पुढे वाढवलं नाही. केक कापला, एचआरच्या बाईंनी त्यांना पॅशनेट म्हटलं. डॉक्टर वसईला गेले. आता तिथे काय करतात कोण जाणे. काकांना पुन्हा दुखावलं असेल एवढं नक्की. मी त्यांना अजून नीट फोन केलेला नाही. करायला हवा.

पण जाण्याआधी, ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, ते मावशींना बघायला आले होते. मी स्टुलावर बसले होते. त्यांनी मला सरळ सांगितलं, "दहा मिनिटं बाहेर जा, बाय." मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग मावशी हसल्या. मोठ्यानं, टाके दुखतील इतक्या, मध्येच "आई गं" म्हणत पुन्हा हसल्या. चार वर्षांत त्या आमच्या घरी तशा हसल्या नव्हत्या. त्यांना तसं हसता येतं हेच मला माहीत नव्हतं. मला बरं वाटलं आणि हेवाही वाटला. कसलं एवढं हसणं, ते आपणही ऐकावं म्हणून मी दहा मिनिटं व्हायच्या आधीच दार ढकलून आत गेले.

हसणं थांबलं. मावशींनी डोक्यावरून पदर घ्यायला हात नेला, अंगात हॉस्पिटलचा गाऊन होता हे विसरून. मग पोटावर हात दाबून त्या उठून बसायला लागल्या. "अहो, पडून राहा," मी म्हणाले. "पडून राहा मावशी." त्या हो हो म्हणत होत्या आणि उठतच होत्या. दात आवळलेले, कपाळावर घाम. मी पुन्हा म्हणाले, "सुलोचनाबाई, पडा ना." तशा त्या आणखीच घाबरल्या आणि ताठ बसल्या. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचं लक्ष मावशींच्या पोटावर दाबलेल्या हाताकडे होतं.

मी मागच्या पावली बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मी तिथून गेल्याशिवाय त्या आडव्या होणार नव्हत्या.